मातामृत्यूच्या घरी पहिल्यांदा जाताना

प्रश्न: "मी आठ महिन्यांपूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. आमच्या हद्दीतली एक बाई बाळंतपणानंतर रेफर केल्यावर वाटेतच दगावली. बाळ आहे. सोमवारी टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) सरांबरोबर माता मृत्यू अन्वेषणासाठी तिच्या घरी जायचंय. फॉर्म वाचून झाला, प्रश्न पाठ झाले, पण ते त्या माणसांसमोर बसून विचारायचे कसे? आणि आपण त्यांना देतो काय? की नुसती खपली काढून परत यायचं?"

डॉक्टर, आधी एक हिशेब सांगते. नमुना नोंदणी पाहणीत २०१८-२० साठी महाराष्ट्राचं माता मृत्यू प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ आलं, देशाचं ९७. म्हणजे वर्षाला तीन हजार बाळंतपणं होणाऱ्या तालुक्यात सरासरी एक मृत्यू. एका पीएचसीच्या वाट्याला तर पाच-सहा वर्षांतून एखादा. आकडा कमी आहे याचा आनंदच आहे, पण त्यामुळे या कामात कुणाचा हात बसत नाही. बसायच्या आत बदली होते. तुमच्या टीएचओंनीही फार तर चार-पाच घरं पाहिली असतील. तेव्हा आपल्यालाच जमत नाही असं मनाला लावून घेऊ नका, हे काम शिकवणारं कुणी नसतं. मी चोवीस वर्षं खात्यात काढली, त्यातली शेवटची सात जिल्ह्याला माता-बाल संगोपनाचं टेबल सांभाळलं, म्हणून सत्तरच्या वर घरी गेले. पहिल्या दहा-बारा घरी मी जे केलं ते आज आठवलं तरी लाज वाटते.

नियम तुम्हाला माहीत आहेत, तरी एकदा. मातामृत्यू म्हणजे गरोदरपणात किंवा त्यानंतर ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणाशी संबंधित कारणानं झालेला मृत्यू. गावातल्या आशा सेविकेनं तो २४ तासांत कळवायचा, तीन आठवड्यांच्या आत घरी जाऊन माहिती घ्यायची, मग जिल्ह्याची समिती, मग जिल्हाधिकाऱ्यांसमोर आढावा. केंद्राच्या सूचना २०१० च्या, सुधारून २०१७ ला आल्या, आणि नावात नुसत्या 'अन्वेषणा'ला 'प्रतिसाद' हा शब्द जोडला गेला.

तीन आठवडे म्हणजे किती? हिंदू घर असेल तर तेरावं झाल्याशिवाय जाऊ नका. म्हणजे हातात चौदाव्यापासून एकविसाव्यापर्यंतचे सात-आठ दिवस उरतात. मुसलमान घरात चाळिसाव्यापर्यंत थांबता येत नाही, तिथं घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून दिवस ठरवा. आदिवासी पाड्यावर आशाला विचारा, प्रत्येक ठिकाणचं वेगळं असतं. पण एक गोष्ट तेराव्याची वाट न बघता करा. तिचं माता-बाल कार्ड आशाकडून सुरक्षित ठेवून घ्या, घरच्यांना सांगून, फोटो काढून. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते ही समजूत अजून गेलेली नाही, आणि तिच्या कपड्यांबरोबर, चादरीबरोबर कार्डही जातं. आठ महिन्यांची रक्तदाबाची, हिमोग्लोबिनची नोंद चुलीत. मी दोनदा अशी नुसत्या राखेपर्यंत पोचले आहे. पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर कार्ड सासरी आणि बाई माहेरी असाही घोळ असतो, आणि ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबात कार्ड कारखान्याच्या फडावर राहिलेलं असतं. तो शोध आजच सुरू करा.

आता शब्दांचं. फॉर्मवर 'व्हर्बल ऑटॉप्सी' असं जे नाव आहे त्याचं मराठी आमच्याकडे कुणीतरी 'मौखिक शवविच्छेदन' असं केलं होतं. एका आरोग्य सहायिकेनं ओट्यावर बसून ते मोठ्यानं वाचलं. मुलीचा बाप उठून उभा राहिला. "तिला उकरून काढणार का आता?" त्या घरी तिला पुरलं होतं. त्या दिवशी आम्हाला एक शब्दही मिळाला नाही. 'चौकशी' म्हणू नका, 'तपास' म्हणू नका, 'जबाब' तर अजिबात नको. लग्नाला सात वर्षं झालेली नसली की पोलीस येतात, तहसीलदारांचा पंचनामा होतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. सासरची माणसं आधीच धास्तावलेली असतात. "काय काय झालं ते समजून घ्यायला आलोय, म्हणजे दुसऱ्या कुणावर ही वेळ येणार नाही" एवढं पुरे. जीप लांब उभी करा. सहा-सात माणसं घेऊन जाऊ नका, तिघं खूप झाली, आणि त्यात एक बाई हवीच.

तुम्ही बसाल तेव्हा बोलायला पुढे येतील ते पुरुष. दीर, चुलत सासरे, कधी सरपंच. ही मंडळी तिच्याजवळ नव्हती. जवळ होती ती सासू, जाऊ, आई, आणि त्या स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या असतात. टीएचओ सरांना ओट्यावर बसू द्या, तुम्ही पाणी मागायच्या निमित्तानं आत जा. खाली बसा. फॉर्म पिशवीतच राहू द्या. पहिला अर्धा तास फॉर्म बाहेर काढायचा नाही, हा माझा नियम होता आणि माझ्या हाताखालच्या प्रत्येकीला तो पाळावा लागे.

आणि 'का' विचारायचं नाही. "आधीच का नाही आणलंत?" या प्रश्नानं मी माझ्या पहिल्या घरातल्या सासूला असं गप्प केलं की पुढे तिनं नुसत्या माना हलवल्या. 'का' म्हटलं की समोरचा आरोपी होतो. "मग काय झालं?" एवढाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारा. दुपारी कळा सुरू झाल्या, मग काय झालं? गाडीला फोन लावला, मग? माणसं आपोआप त्या रात्रीत शिरतात आणि तुम्हाला बरोबर घेऊन जातात. फॉर्मचे साठ प्रश्न त्या एका प्रश्नात निघतात. राहिलेले दहा-बारा शेवटी विचारा.

वेळांसाठी भांडू नका. "किती वाजता?" ला "रात्री" असंच उत्तर येईल. नवऱ्याचा मोबाइल मागा. १०८ ला केलेले कॉल, आशाला केलेले, मेहुण्याला केलेले, सगळं मिनिटासकट त्यात असतं. नाहीतर गावाची घड्याळं वापरा. मुक्कामाची एसटी आली होती का, दुधाची गाडी गेली होती का, अजान झाली होती का, लोडशेडिंगची लाइट आली होती का. दवाखान्याच्या कागदावर 'दाखल २.१०, रेफर २.३०' असं गोल गोल लिहिलेलं असतं, आणि नवऱ्याच्या फोनमध्ये गाडीवाल्याला केलेले सात कॉल ३.०५ पासून ३.५० पर्यंत असतात. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात, काही उपाय झाला नाही तर, हातात साधारण दोन तास असतात. त्यातला पाऊण तास असा कॉलच्या यादीत सापडतो.

एक घर सांगते. ओळख पटेल असं काही देत नाही. बावीस वर्षांची मुलगी, दुसरं बाळंतपण, सरकारी दवाखान्यात, रात्री. वार पडली, बाळ रडलं, सगळं नीट. नंतर अंगावरून जायला लागलं. केसपेपरवर लिहिलं होतं, 'रक्तस्राव: साधारण'. मी सासूला विचारलं, किती गेलं असेल? फॉर्मच्या भाषेत त्याला उत्तर नव्हतं. ती म्हणाली, "सतरा." मला कळेना. "सतरा फडकी बदलली मी. माझं एक जुनं लुगडं फाडलं होतं. पाच तिथंच बादलीत टाकली, बाकी गाडीत." मग थोडं थांबून, "मी सिस्टरला सांगत होते, पण माझं मोजणं कोण धरतंय." लुगड्याच्या फडक्यात किती मावतं ते मी परत आल्यावर आमच्या क्वार्टरमध्ये पाण्यानं भिजवून, वजन करून पाहिलं. दीड लिटरच्या वर हिशेब गेला. ते मी समितीत मांडलं तेव्हा एक वरिष्ठ हसले. दुसऱ्या वरिष्ठ बाई होत्या, स्त्रीरोगतज्ज्ञ. त्या हसल्या नाहीत. त्यांनी रजिस्टर मागवलं.

त्यातून निघालं ते असं. ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भपिशवी आकसवून रक्त थांबवणारं इंजेक्शन, थंड ठेवावं लागतं, २ ते ८ अंशांत. प्रसूती खोलीतला फ्रिज बंद पडलेला, म्हणून इंजेक्शनं औषध भांडाराच्या फ्रिजमध्ये. भांडाराला कुलूप. चावी औषध निर्मात्याकडे, आणि तो रात्री तालुक्याच्या गावी घरी. ट्रेमध्ये होतं नव्हतं ते नर्सनं वापरलं, मग रेफर केलं. हे मला कागदावरून कळलं नाही. रात्रपाळीच्या नर्सनं तिसऱ्या भेटीत, जिन्यात उभं राहून सांगितलं, कारण तोवर तिला कारणे दाखवा नोटीस गेली होती आणि ती घाबरून सगळ्यांशी बोलणं बंद करून बसली होती.

इथं खरं बोलायला हवं. 'नाव नाही, दोष नाही' हे या कामाचं ब्रीद. सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं आहे की हे कुणाला शिक्षा करायला नाही. आणि तरीही बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यात खालच्या माणसाला नोटीस जाते. एएनएमला (उपकेंद्राच्या नर्सबाईला), कंत्राटी नर्सला, आशाला. नोटीस गेली की पुढच्या वेळी कागद आधी 'नीट' होतात आणि मग आपण नीट केलेल्या कागदांचं अन्वेषण करतो. तुमच्या सहीनं अशी नोटीस निघणार असेल तर अडवून पाहा. मला निम्म्या वेळा जमलं.

उशिरांचं वर्गीकरण तुम्ही शिकलाच आहात. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मांडलेले तीन उशीर: निर्णयाला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचाराला उशीर. फॉर्मवर बरोबरची खूण करायची असते. माझं निरीक्षण असं की पहिल्या चौकटीत खूण पटकन होते. घरच्यांनी उशीर केला असं लिहिलं की कुणाला फोन येत नाही, कुणाची पदोन्नती अडत नाही, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं ते वाचायला येत नाहीत. तिसऱ्या चौकटीसाठी पुरावा मागतात. पहिलीसाठी कधी कुणी मागितलेला मी पाहिला नाही. तुमची खूण पहिल्या चौकटीत पडत असेल तर स्वतःला विचारा, त्यांनी उशीर केला म्हणजे काय? गेल्या वेळी दवाखान्यात गेल्यावर त्यांना काय वागणूक मिळाली होती? बाहेरून औषधं आणायला लावली होती का? जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे, प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त, गाडी सगळं मोफत. पण घरात प्लॅस्टिकच्या पिशवीत मेडिकलच्या पावत्या असतात. मागून पाहा. लोक त्या फेकत नाहीत.

बाळाकडे मी मुद्दामच उशिरा येते आहे, कारण सगळेच तसं करतात. तुम्ही करू नका. घरात शिरल्यावर आधी बाळ बघा. पिशवीत वजनकाटा न्या. एका घरी सोळा दिवसांचं बाळ कापसाच्या वातीनं पाणी घातलेल्या गाईच्या दुधावर होतं, जन्मापेक्षा तीनशे ग्रॅम कमी भरलं, आणि आम्ही तिथं मेलेल्या आईबद्दल पाऊण तास बोलत बसलो होतो. घरभेटी ठरलेल्या असतात, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. पण आई गेली की आशा त्या घराची पायरी चढायला घाबरते. तिच्यावरच बोल येतो, "तूच नेलंस तिला." त्यातून मृत्यू कळवायचे तिला २०० रुपये मिळतात हे गावात कुणीतरी बोललेलं असतं. सोमवारच्या आधी तुमच्या आशाला एकटीला भेटा. गाडीत त्या बाईचा हात हातात घेऊन बसलेली बहुतेक तीच असेल. तिला कुणी विचारलेलं नसतं की तू जेवलीस का. मग तिच्याबरोबर तुम्ही स्वतः त्या घरी बाळाच्या भेटीला जा, म्हणजे पुढच्या भेटी ती एकटी करू शकेल.

देतो काय, असं तुम्ही विचारलंत. पैशाचं आधी. तुमच्या केसमध्ये मृत्यू वाटेत झाला, तर मृत्यूची नोंद कुठं हा घोळ होणार. पाठवणारा दवाखाना म्हणेल आमच्याकडे नाही, पुढचा म्हणेल आणली तेव्हा गेलेलीच होती. धावत्या वाहनातल्या मृत्यूची नोंद पहिल्या थांब्याच्या ठिकाणी करायची असते, आणि सगळ्या नोंदी २१ दिवसांत. तो दाखला नसेल तर पुढचं काहीच हलत नाही. दाखल्यावरचं नाव आधारशी जुळतंय का तेही आत्ताच बघा, माहेरचं-सासरचं नाव यात नेहमी गोंधळ होतो. मग बालसंगोपन योजना: एक पालक गेलेल्या मुलासाठी दरमहा २२५० रुपये, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, आदेश बालकल्याण समितीचा. मोठं भावंड असेल तर त्याचाही अर्ज करा. आणि दारिद्र्यरेषेखालचं घर असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २०,००० रुपये एकरकमी, तहसीलच्या संजय गांधी निराधार योजना शाखेतून. तिथला कारकून सांगेल की कमावता माणूस गेला तरच मिळतात, बाई तर घरीच होती. त्याला योजनेच्या मार्गदर्शक सूचना दाखवा. घर सांभाळणारी बाई ही कमावती धरावी असं त्यात लिहिलेलं आहे. प्रिंट काढून न्या, तोंडी सांगून ऐकत नाहीत. अर्ज त्यांना भरायला सांगू नका, तुमच्या आरोग्य सेवकाला बसवून भरून घ्या.

जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीला दोन नातेवाइकांना बोलावतात. चांगली तरतूद आहे, पण घडतं कसं बघा. माणसं पहाटेच्या गाडीनं येतात, ठेवणीतले कपडे घालून, तीन तास व्हरांड्यात. मग पंधरा अधिकाऱ्यांसमोर उभं करून "सांगा." एकदा एका साहेबांनी बापाला विचारलं, "दोन मुलांनंतर ऑपरेशन का नाही केलं?" त्याची मुलगी गेली होती. तेव्हा पाठवायच्या आधी त्यांना नीट समजावा, खोलीत कोण असेल, काय विचारतील, किती वेळ. त्यांच्या शेजारची खुर्ची तुम्ही घ्या. प्रवासाचे पैसे त्याच दिवशी हातात पडतील असं बघा. त्यांचं सांगून झालं की त्यांना बाहेर पाठवून चर्चा होते, तेही आधीच सांगा. नाहीतर हाकलून दिल्यासारखं वाटतं.

आणि इथं ते काम संपतं. फॉर्म वर जातो, नाव काढून आकडा होतो, शिफारशी होतात. त्या घराला काय कळतं? काहीच नाही. मला हे फार उशिरा कळलं, तेही एका लग्नात. जेवणाच्या पंगतीत एक बाई माझ्याकडे बघत होती. शेवटी जवळ येऊन म्हणाली, "तुम्ही सगळं लिहून नेलंत. काय निघालं हो त्यातून?" मी तिची मुलगी विसरले होते. केस आठवत होती, नाव आठवत नव्हतं.

त्यानंतर मी दुसरी भेट सुरू केली. फॉर्ममध्ये तिला रकाना नाही, प्रवासभत्त्यात ती बसत नाही. समितीची बैठक झाली की महिन्याभरात परत जायचं, एकटीनं किंवा सिस्टरला घेऊन. कागद न्यायचा नाही. ती कशानं गेली ते साध्या भाषेत सांगायचं. "हृदय बंद पडलं" असं नाही, ते सगळ्यांचंच पडतं. "पिशवी आकसली नाही, म्हणून रक्त थांबलं नाही." बहुतेक घरांत सासू आणि आई एकमेकींवर ठेवून बसलेल्या असतात, हिनं उपास करू दिले, तिनं ओझं उचलायला लावलं. त्यातलं काही खरं नव्हतं हे डॉक्टरच्या तोंडून ऐकणं त्यांना हवं असतं, आणि सासर-माहेर दोन्हीकडे वेगवेगळं जाऊन सांगावं लागतं. कुठं आपलं कमी पडलं असेल तर तेही सांगायचं. नावं घेऊ नका. "त्या रात्री औषध कुलपात होतं. ते हाताशी असायला हवं होतं." मला वरून बोलणी बसली या वाक्याबद्दल. लोक कोर्टात जातील म्हणाले. जाऊ शकतात, त्यांचा हक्क आहे; केसपेपर मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात हेही कुणी विचारलं तर सांगा, भरीस घालू नका आणि अडवूही नका. माझ्या अनुभवात दुसऱ्या भेटीनंतर एकच घर वकिलाकडे गेलं, आणि त्यांचं जाणं मला योग्यच वाटलं.

सतरा फडक्यांच्या घरी मी गेले तेव्हा सासू शेंगा फोडत बसली होती. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "चावी कुठं असते आता?" मी सांगितलं, प्रसूती खोलीतच, दाराशेजारी खिळ्याला, आणि रक्तस्रावाच्या औषधांचा वेगळा डबा केलाय. ती काही बोलली नाही. दोन वर्षांनी धाकट्या सुनेच्या वेळी तिनं आत शिरून आधी तो खिळा बघितला, असं तिथल्या सिस्टरनं मला सांगितलं.

सगळ्याच घरी असं होत नाही. तीन घरांनी मला दारातूनच परत पाठवलं, एका नवऱ्यानं शिव्या दिल्या, आणि एकीकडे सगळे गाव सोडून गेलेले, घराला कुलूप. तुमच्या बाबतीत काय होईल सांगता येत नाही. सोमवारी चहा देतील तो घ्या, सुतक फिटलेलं आहे याची ती खूण असते. रडू आलं तर येऊ द्या, पण त्यांनी तुम्हाला समजवावं इतकं नको. संध्याकाळी दुसरी कामं ठेवू नका. निघताना त्यांचा नंबर घ्या, तुमचा द्या, आणि आशाच्या डायरीत त्या बाईचं नाव पूर्ण लिहून घ्या, केस क्रमांक नव्हे, कारण परत जाल तेव्हा ते लागेल.